जुन्या टायरमधून आलेला डास



उन्हाळा सुरू झाला की आपल्या मंडळींची एक तक्रार हमखास कानी येते, "पूर्वी डास संध्याकाळी चावायचे, हल्ली भर दिवसाही चावतात!" तक्रार खरी आहे. दिवसा चावणारा हा डास मूळचा इथला नाहीच. मुलांनो, त्याला ओळखणं सोपं आहे. अंग काळं, पायांवर पांढरे पट्टे आणि पाठीवर एक पांढरी रेघ. म्हणूनच हिब्रूत त्याला 'यतूश हातिग्रिस', म्हणजे वाघडास म्हणतात.

हा राहणारा आग्नेय आशियाचा. मग इतक्या लांब आला कसा? जुन्या टायरांत बसून! उघड्यावर पडलेल्या टायरात पावसाचं पाणी साठतं. डासाची मादी पाण्याच्या कडेला अंडी चिकटवते. पाणी सुकलं तरी ती अंडी काही महिने जिवंत राहतात. तेच टायर जहाजात चढून परदेशी विकायला जातात आणि पुन्हा पाणी मिळालं की अळ्या बाहेर येतात. १९८५ साली हा डास अमेरिकेत ह्यूस्टनला सापडला, १९९० साली इटलीत जेनोआला आणि २००२ साली आपल्या इस्रायलमध्ये.

डास आला म्हणजे लगेच रोग आला असं नाही. पण रोगाला घर तयार झालं. २००७ साली इटलीत रावेन्नाजवळच्या एका खेड्यात केरळहून आलेल्या पाहुण्याला ताप आला. तिथे वाघडास आधीच होता. त्या एका तापातून दोनशेहून अधिक माणसं चिकनगुनियानं आजारी पडली. आपणही लग्नकार्याला मुंबईला, कोकणात जातो. परत आल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना "आम्ही भारतात जाऊन आलो" हे आधी सांगा. तो डेंग्यू असू शकतो. अशा तापात आपल्या मनानं अ‍ॅस्पिरिन किंवा इबुप्रोफेन घेऊ नये, रक्तस्राव होण्याची भीती असते. हृदयासाठी रोजचं अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ते मात्र डॉक्टरांना विचारूनच थांबवावं.

आता दुसरा डास. हा आपला नेहमीचा, संध्याकाळी आणि रात्री चावणारा. तो पक्ष्यांकडून वेस्ट नाईल ताप आणतो. आपला देश पक्ष्यांच्या वाटेवर आहे. वर्षातून दोनदा कोट्यवधी पक्षी इथून जातात. २००० साली इथे चारशेहून अधिक लोकांना हा ताप झाला. २०२४ साली तर नऊशेहून अधिक रुग्ण झाले आणि सत्तरहून अधिक माणसं दगावली. एरवी ऑगस्ट-सप्टेंबरात वाढणारा ताप त्या वर्षी जूनमध्येच पसरला. उष्णता वाढली की डास लवकर मोठा होतो आणि त्याच्या पोटातला विषाणूही लवकर वाढतो. हवामान बदलतं आहे म्हणजे काय, ते असं आपल्या दारात दिसतं.

बहुतेकांना या तापाचा पत्ताही लागत नाही. पण आपल्यासारख्या साठी ओलांडलेल्यांना तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो. ताप, सणसणून डोकेदुखी, मान आखडणं, बोलण्यात गोंधळ, हातापायांतली शक्ती जाणं, यातलं काही दिसलं तर "उद्या बघू" म्हणू नका. त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

व्यापाराबरोबर रोग येणं हे नवीन नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तो हाँगकाँगकडून जहाजांतून, असं मानतात. ओडेसात जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईतच त्यावर लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. पण वेस्ट नाईल तापावर माणसांसाठी अजून लस नाही. म्हणून आपल्या हातात एकच गोष्ट उरते, ती म्हणजे साठलेलं पाणी.

हीच गोष्ट १९२० च्या दशकात इथे डॉ. इस्रायल क्लिगलर यांनी करून दाखवली. मलेरियानं वस्त्या ओस पडत होत्या. त्यांनी गावकऱ्यांना डासांच्या अळ्या ओळखायला शिकवलं आणि दर आठवड्याला पाण्याची तपासणी ठेवली. आठवड्यालाच का? कारण उन्हाळ्यात अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. त्याआधी पाणी ओतलं की डास जन्मालाच येत नाही.

आपल्याला तर दर आठवड्याचा दिवस आयताच मिळालेला आहे. शुक्रवारी शब्बाथसाठी घर झाडून-पुसून होतंच. त्यातच पाच मिनिटं द्या. कुंड्यांखालच्या बशा, मिर्पेसेतमधली बादली, एसीच्या पाण्याचा डबा, कुत्र्या-मांजराचं भांडं, अंगणातली खेळणी, सगळं रिकामं करून आतून घासा, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात. वाकून बशा उचलणं आम्हा म्हाताऱ्यांना जमत नाही. मुलांनो, हे काम तुमचं! आजी-आजोबांच्या घरी गेलात की आधी कुंड्यांखाली बघा, मग खाऊ मागा. शेजारच्या आजींचीही एखादी बादली ओतून या, कारण डासाला कुंपण कळत नाही.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो. शब्बाथ शालोम!