पुलिकतचा ‘पाडू’ : लोकज्ञानाची नोंद, पारख आणि उपयोग

चेन्नईच्या उत्तरेस सुमारे ६० किलोमीटर अंतरावर, तमिळनाडू व आंध्र प्रदेशाच्या सीमेवर पुलिकत सरोवर पसरले आहे. चिलिकानंतरचे हे देशातील दुसऱ्या क्रमांकाचे निमखाऱ्या पाण्याचे सरोवर होय. ईशान्य मोसमी पावसात, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, त्याची क्षारता घटते आणि उन्हाळ्यात पुन्हा वाढते. कोळंबीची पिल्ले मुखातून आत येतात, सरोवरात वाढतात व पुढे समुद्राकडे परततात. साहजिकच मुखाजवळच्या जागा अधिक उत्पन्नाच्या, आणि म्हणून वादाच्याही ठरतात.

या जागांच्या वाटपासाठी तेथील मच्छीमार गावांनी ‘पाडू’ ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालवली आहे. कोणत्या गावाने कोणत्या दिवशी, कोणत्या जागी जाळे लावावे हे पाळीने ठरते. गावातील पात्र कुटुंबांनाही आळीपाळीने संधी मिळते. भरती-ओहोटी, जागेची खोली आणि कोळंबीच्या हालचाली यांचे बारकावे या नियमांत सामावलेले आहेत. श्रीलंकेतील नेगोंबो खाजणातही जाळ्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून वाटण्याची अशीच परंपरा असून तिला शासकीय नियमांत स्थान मिळाले आहे.

नोंद म्हणजे स्वीकार नव्हे

एकात्मिक कीड व्यवस्थापनात आपण शेतकऱ्याचे म्हणणे तीन भागांत तपासतो : त्याने काय पाहिले, त्याचे कारण तो काय सांगतो आणि त्यावरून कोणता नियम पाळतो. निरीक्षण अचूक असूनही कारण चुकीचे असू शकते. कारण बरोबर असूनही नियम आजच्या परिस्थितीस अपुरा पडू शकतो. किनारी संसाधनांनाही हीच कसोटी लावावी.

पाडूची पाळी तंटे कमी करते, हे खरे. तथापि, एकूण किती कोळंबी पकडावी याची मर्यादा केवळ पाळीमुळे आपोआप ठरत नाही. शिवाय पात्रतेचे नियम विशिष्ट समाजातील पुरुषांना अनुकूल आहेत. हाताने कोळंबी वेचणारे इरुळ आदिवासी आणि स्त्रिया या वाटपाबाहेर राहतात. अशी व्यवस्था जशीच्या तशी शासकीय आराखड्यात घेतली, तर जुन्या विषमतेवरच शिक्कामोर्तब होईल. ती नाकारली, तर सर्वांना मोकळीक देऊन संघर्ष वाढेल.

कारणमीमांसा आधी

तमिळनाडूतील पिचावरम येथील कांदळवनाच्या ऱ्हासाचे खापर दीर्घकाळ लाकूडतोड व चराई करणाऱ्या गावकऱ्यांवर फोडले जात असे. चेन्नईच्या एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानच्या अभ्यासातून वेगळे कारण पुढे आले. पूर्वीच्या सरसकट तोडीमुळे जमीन उघडी पडून मध्यभागी खोलगट झाली, तेथे भरतीचे पाणी साचले आणि बाष्पीभवनाने क्षारता वाढून रोपे जगेनाशी झाली. उपाय म्हणून माशाच्या काट्यासारखे कालवे खणून पाण्याची ये-जा पूर्ववत करण्यात आली आणि गावसमित्यांना व्यवस्थापनात सहभागी करून घेण्यात आले.

आपल्या किनाऱ्यासाठी

गोव्यातील खाजण शेतीत बांध आणि ‘मानस’ (पाण्याचे दार) यांचा सांभाळ पूर्वी गावकरी संस्था करीत. भात व मासे यांचा समतोल दाराच्या उघडझापीवर अवलंबून असे. मासेमारीचा लिलाव घेणाऱ्याने अधिक मासळीसाठी दार अवेळी उघडे ठेवले, की खारे पाणी शेतात शिरते. कोकणातील खारभूमीतही उघाडी आणि बांध यांची देखभाल हाच कळीचा प्रश्न आहे. दार केव्हा लावायचे हे जाणणारा माणूस आणि बांध फुटल्यास ज्याचे भात बुडते तो शेतकरी, दोघांचाही शब्द निर्णयात असला पाहिजे.

विस्तार कार्यकर्त्यांनी पुढील क्रम पाळावा, असे सुचवावेसे वाटते :

१. बांधाची राखण करणारे, मच्छीमार, शिंपले-खेकडे वेचणाऱ्या स्त्रिया आणि भूमिहीन यांच्याशी स्वतंत्रपणे बोलावे.

२. निरीक्षण, कारण आणि नियम वेगळ्या रकान्यांत, स्थानिक शब्दांतच नोंदवावेत.

३. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला बांधाच्या दोन्ही बाजूंस क्षारता मोजून लोकांच्या अनुभवाशी ताडून पाहावी.

४. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार स्थापन झालेल्या समितीमार्फत, माहिती देणाऱ्यांच्या संमतीनेच ती लोक जैवविविधता नोंदवहीत घ्यावी.

५. नियमाचा लाभ कोणास होतो आणि भार कोणावर पडतो, हे गावासमोर मांडूनच तो आराखड्यात समाविष्ट करावा.

हे काम खरिपाच्या पेरणीपूर्वी हाती घेतल्यास बांधदुरुस्ती आणि दाराच्या वेळा त्याच हंगामात ठरवता येतील.