नारळाच्या दुधावर तगलेलं पथ्य

वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला येणारे जैन यात्रेकरू सूर्यास्ताआधी जेवतात, कंदमुळं टाळतात. ताटात काय यावं हे धर्मानं ठरवणं आपल्याला नवं नाही. महाराष्ट्रातल्या बेने इस्राएल ज्यूंचंही असंच पथ्य आहे : कोशर.

डुकराचं मांस वर्ज्य. पर आणि खवले असलेलेच मासे चालतात. म्हणजे पापलेट, सुरमई हो, पण कोळंबी, खेकडे, तिसऱ्या नाहीत. बकरं-कोंबडी धर्मरीतीनं कापलेली हवी, मांसाला मीठ लावून रक्त काढलेलं हवं. आणि मांसाबरोबर दूध, दही, तूप एका जेवणात नाही.

या शेवटच्या नियमावर कोकणानंच तोड काढली. मटणाच्या रश्शात नारळाचं दूध घातलं की दह्याची गरज उरत नाही. नव्या वर्षाच्या सणाला गव्हाच्या चिकाचा हलवाही नारळाच्या दुधातच शिजतो. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, वाइनऐवजी भिजवलेल्या मनुकांचं सरबत. नवस फेडताना किंवा शुभकार्यात प्रेषित एलियाहू हनाबींच्या नावानं मलिदा : पोहे, ओलं खोबरं, साखर आणि फळं.

ही मंडळी मूळची कोकणातल्या रायगडकडच्या गावांतली. तेलाचे घाणे चालवत, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावानं त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. पुढे अनेक घरं मुंबईला आली. 1796 मध्ये सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी तिथं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधलं. पंगती सिनेगॉगच्या आवारात उठत. रोजचं पथ्य मात्र घरच्या बायकांनी सांभाळलं. कुलाब्याच्या नरिमन हाऊस या ज्यू केंद्रात परदेशी ज्यू प्रवाशांना कोशर जेवण मिळे. 26 नोव्हेंबर 2008 च्या दहशतवादी हल्ल्यानंतर बंद पडलेलं हे केंद्र 2014 मध्ये पुन्हा उघडलं.

न्यूयॉर्कसारखी कोशर हॉटेलांची रांग मुंबईत दिसत नाही, कारण हॉटेलाला रोजचं गिऱ्हाईक लागतं. 1948 नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. मागे काही हजार माणसं उरली, तीही मुख्यतः मुंबई-ठाण्याकडे.

मांसाचे हे सगळे नियम पाहता, बेने इस्राएल पाहुणा घरी आला, तर सरळ शाकाहारी बेत करावा. बाहेर जेवताना त्यांच्यातले बरेच जण तेच पसंत करतात. तरी आधी विचारावं. पथ्य किती कडक पाळायचं, हे घरागणिक बदलतं.