पऱ्हाटीतला ‘ऱ्ह’ आणि बदललेली कळ

‘शेतकऱ्यांनी पऱ्हाटीवर फवारणी करताना १० लिटर पाण्यात २.५ मि.लि. औषध मिसळावे.’ वऱ्हाडातल्या कोणत्याही शेतीविषयक पुस्तिकेत शोभेल असे हे वाक्य येथे केवळ नमुन्यासाठी घेतले आहे. त्यातल्या प्रमाणाला सल्ला समजू नये. लेखकाच्या वहीतून छापील पानावर येईपर्यंत हे वाक्य तीन ठिकाणी अडखळते. पहिली अडचण ‘शेतकऱ्यां’तला ऱ्य, दुसरी ‘पऱ्हाटी’तला ऱ्ह आणि तिसरी २.५ मधले टिंब. हे तिन्ही अडथळे नीट पार करणारा माणूस म्हणजे डीटीपी ऑपरेटर. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत त्याच्यासमोरचा पडदा, त्याच्या बोटांखालची कळ आणि फाइलीच्या पोटातले अक्षर ही तिन्ही बदलली. ‘नवे शिकायलाच तयार नाहीत’ हा ठपका मात्र त्याच्या माथी कायमचा बसला. हा ठपका कितपत खरा आहे, हे पाहण्यासाठी हा लेख.

अकोल्यात २० ऑक्टोबर १९६९ रोजी डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ स्थापन झाले. अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ चे. विद्यापीठे आली की प्रबंध, अहवाल, परिसंवादांच्या स्मरणिका, पिकांच्या पुस्तिका हे लेखनही येते. ते लिहिणारे प्राध्यापक आणि शास्त्रज्ञ असतात. पण त्याला पानाचे रूप देण्याचे काम पुष्कळदा गावातल्या एखाद्या लहानशा खोलीत होते. तिथे दुपारी लग्नपत्रिका जुळवणारा हातच संध्याकाळी खतांच्या मात्रांचा तक्ता जुळवतो. तांत्रिक प्रकाशनातला शेवटचा आणि बिनचेहऱ्याचा दुवा तो हाच.

बोटांतले शहाणपण

डीटीपी आले तेव्हा या व्यवसायात शिरलेल्या अनेकांची बोटे मराठी टंकलेखन यंत्रावर तयार झालेली होती. परीक्षा देऊन, मिनिटाला ठरावीक शब्दांचा वेग कमावून ती संगणकाकडे आली. त्यामुळे पहिले फॉन्ट याच बोटांना धरून बनले. कृतिदेवसारख्या रेमिंग्टन धाटणीच्या फॉन्टात ‘मराठी’ हा शब्द हवा असेल तर इंग्रजी कळफलकावर ई, जे, के, मोठा बी आणि एच या कळा दाबायच्या. ऱ्हस्व वेलांटी आधी आणि अक्षर नंतर, कारण टंकलेखन यंत्रात कागदावर उमटण्याचा क्रम तोच होता.

आता सरकारी प्रमाण कळफलक घ्या. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये इनस्क्रिप्ट ठरवला. त्यात उच्चाराचा क्रम पाळला जातो: आधी क, मग वेलांटी. रेमिंग्टनमध्ये ‘क’ ज्या डी कळीवर आहे, तिथे इनस्क्रिप्टमध्ये हलन्त आहे. रेमिंग्टनमध्ये एच कळीवर दीर्घ वेलांटी, इनस्क्रिप्टमध्ये ‘प’. मधल्या ओळीत एस कळीवरची मात्रा, एफ कळीवरची ऱ्हस्व वेलांटी आणि जे कळीवरचा ‘र’ एवढेच काय ते दोन्हीकडे जागेवर राहिले. सगळेच बदलले असते तर हाताने नवी सुरुवात केली असती. इथे काही खुणा ओळखीच्या आणि बाकीचे रस्ते फिरलेले, अशी अवस्था. ‘हात जाते तिथं अक्षरच नाही’ ही तक्रार म्हणून आळसाची ठरत नाही. हाताला ठाऊक असलेली गोष्ट आठवावी लागत नाही. बदल झाला की ती प्रत्येक वेळी आठवावी लागते आणि तेवढ्यात वेग निम्म्यावर येतो. पानामागे पैसे घेणाऱ्यासाठी वेग म्हणजे रोजी.

पेजमेकर का सुटेना?

पाने लावण्याचे पेजमेकर हे सॉफ्टवेअर आल्डस कंपनीने १९८५ मध्ये आणले. १९९४ मध्ये आल्डस अ‍ॅडोबीत विलीन झाली. अ‍ॅडोबीने १९९९ मध्ये इनडिझाइन हे नवे सॉफ्टवेअर आणले आणि २००१ मधल्या सातव्या आवृत्तीनंतर पेजमेकरची वाढ थांबवली. कंपनीच्या लेखी ते तिथेच संपले. मराठी मुलखात मात्र ते पुढे कितीतरी वर्षे चालत राहिले, आणि त्याला कारणे होती.

पेजमेकरला युनिकोड कळत नसे, पण जुने मराठी फॉन्ट त्यात बिनतक्रार चालत. इनडिझाइनला युनिकोड कळत होते, पण देवनागरीची जोडाक्षरे जुळवणे सुरुवातीला जमत नव्हते. भारतीय भाषांची अधिकृत सोय २०१२ च्या सीएस-६ आवृत्तीत आली, त्यांत मराठीही होती. म्हणजे दहा-बारा वर्षे ‘नवे घ्या’ हा सल्ला मराठी ऑपरेटरच्या उपयोगाचाच नव्हता. त्याने जुने धरून ठेवले, यात हट्टापेक्षा हिशेब अधिक होता.

सोय आली तीही आडोशाला. इनडिझाइनमध्ये ओळी जुळवणारी यंत्रणा एकापेक्षा अधिक आहे. देवनागरीसाठी ‘वर्ल्ड-रेडी’ नावाची यंत्रणा निवडावी लागते. ती निवडली नाही तर वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, हलन्त उघडे पडतात, जोडाक्षरे फुटतात. हा पर्याय परिच्छेदाच्या पॅनेलच्या कोपऱ्यातल्या यादीत होता. ज्याला कोणी सांगितले नाही, त्याने पडद्यावरची फुटकी अक्षरे पाहिली, ‘यात मराठी चालत नाही’ असा निष्कर्ष काढला आणि तो पेजमेकरकडे परतला. सॉफ्टवेअरमध्ये सोय होती; माणसाला ती दिसली नाही. वापरणाऱ्याच्या दृष्टीने या दोन्हींत फरक नसतो.

जुन्या फाइलींचा प्रश्न वेगळाच. सीएस-६ पर्यंतचे इनडिझाइन पेजमेकरच्या शेवटच्या आवृत्त्यांतल्या फाइली उघडत असे. त्यानंतरच्या ‘सीसी’ मालिकेत ते दार बंद झाले. दरवर्षी थोडी दुरुस्ती करून पुन्हा छापायच्या पुस्तिकेची मूळ फाइल त्यामुळे एका जुन्या संगणकाशी बांधली गेली. तो संगणक कोपऱ्यात ठेवून जपणारा माणूस बाहेरच्याला जुनाट वाटतो. खरे तर तो ग्राहकाचे दप्तर सांभाळत असतो.

युनिकोडने काय दिले?

इतकी अडचण असूनही युनिकोडकडे वळणे भाग आहे. का, तेही समजून घेतले पाहिजे. जुन्या फॉन्टात मराठी अक्षर हे केवळ चित्र असते. संगणकाच्या दृष्टीने तिथे इंग्रजी अक्षरेच साठवलेली असतात. फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट नसलेल्या संगणकावर मुखवटा गळतो आणि खाली इंग्रजी अक्षरांचा कचरा उरतो. शिवाय प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा, त्यामुळे एका फॉन्टातला मजकूर दुसऱ्या फॉन्टात वाचता येत नाही.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. त्यात देवनागरीसाठी १२८ जागांचा स्वतंत्र पट्टा आहे. ‘क’ म्हणजे ‘क’च, मग फॉन्ट कोणताही असो. म्हणून मजकूर शोधता येतो, भ्रमणध्वनीवर वाचता येतो, आंधळ्या वाचकाला यंत्राकडून वाचून घेता येतो. बोंडअळीवर दहा वर्षांपूर्वी आलेला लेख आज नेमका सापडावा, असे वाटत असेल तर दुसरा मार्ग नाही.

पण युनिकोड म्हणजे आपोआप शुद्धता नव्हे. वऱ्हाडच्या नावातच त्याची परीक्षा आहे. मराठीतला हा अर्धा र लिहिण्याच्या दोन रीती रुळल्या आहेत. एक रीत ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त देण्याची. इनस्क्रिप्टमध्ये हे अक्षर शिफ्टसह जे कळीवर आहे. दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह असते. पानावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला मात्र ते दोन निराळे शब्द वाटू शकतात. एका रीतीने ‘शेतकऱ्यांना’ शोधले तर दुसऱ्या रीतीने लिहिलेली पाने निसटू शकतात. जोडचिन्ह गळाले तर तिसराच प्रकार होतो: र वर चढतो आणि मेळघाटच्या ‘दऱ्या’ वाचता वाचता ‘दर्या’ होतात. डोंगराचा समुद्र व्हायला एक अदृश्य चिन्ह पुरते.

‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणेही अशीच निसटतात. पाकळीचा ल आणि देठाचा श यांबाबत राज्य शासनाने निर्णय काढलेले आहेत. फॉन्टात सोय असली तरी मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली नाही, तर पुष्कळदा हिंदी वळणाची अक्षरे येतात. ही नोंद करायची जागाही पडद्याच्या एका कोपऱ्यातच असते.

टिंबाची गोष्ट

आता २.५ कडे वळू. कृतिदेव फॉन्टात टिंब आडव्या रेघेच्या कळीवर बसवलेले आहे आणि स्वल्पविराम चौकटी कंसाच्या कळीवर. म्हणजे ऑपरेटरने पडद्यावर २.५ असे आणले, तरी फाइलीत साठते ते २-५. फॉन्ट जागेवर आहे तोवर सगळे ठीक. मजकूर दुसऱ्या फॉन्टात गेला की ‘अडीच’चे ‘दोन ते पाच’ होतात.

परिच्छेदात हा अपघात लपत नाही, कारण भोवतालचे सगळे शब्द कचरा झालेले असतात आणि डोळा लगेच अडकतो. धोका तक्त्यात आहे. औषधांची नावे इंग्रजी फॉन्टात, मात्रांचे आकडे मराठी फॉन्टात, अशा तक्त्यात आकड्यांचा रकाना फॉन्ट बदलल्यावरही स्वच्छ दिसतो. अक्षरांचा कचरा दिसतो. आकड्यांचा दिसत नाही. उलट दिशेचाही घोटाळा होतो. रूपांतर करणारे साधन प्रत्येक रेघेचे टिंब करते. मधेच इंग्रजी फॉन्टात घातलेले ‘२०१७-१८’ हे वर्षही मग ‘२०१७.१८’ होऊन बसते.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याची कारणे वेगळी होती, छपाईशी त्यांचा संबंध जोडण्याचे कारण नाही. पण फवारणीचा आकडा ही आपल्याकडे किती जिवावरची गोष्ट आहे, हे त्या वर्षाने दाखवले. असा आकडा छापणाऱ्या माणसाला त्याच्या साधनाने घाईत, अर्धवट माहितीवर सोडून देणे परवडणारे नाही.

ही तक्रार एकट्या वऱ्हाडाची नाही

मायक्रोसॉफ्टने २००७ च्या ऑफिसमध्ये जुन्या याद्या काढून ‘रिबन’ आणली तेव्हा जगभरचे कारकून चाचपडले. मोठमोठी तांत्रिक हस्तपुस्तके ज्यात तयार होतात, त्या अ‍ॅडोबी फ्रेममेकरच्या २००९ मधल्या नवव्या आवृत्तीत पडद्याची मांडणी बदलली, तेव्हा मुरलेले तांत्रिक लेखकही कुरकुरले. कंपनीचे म्हणणे चुकीचे नसते. जुनी मांडणी वाढत वाढत गचाळ होते, नव्याने येणाऱ्याला ती कळत नाही, सगळी उत्पादने एकसारखी दिसली तर शिकणे सोपे जाते. पण हा फायदा मुख्यतः नव्या माणसाचा आणि कंपनीचा. खर्च मात्र जुन्या, कसबी माणसाच्या खिशातून जातो: गेलेला वेग, वाढलेल्या चुका, पुन्हा तपासावी लागणारी मुद्रिते. बिलात हा खर्च कुठेच लागत नाही, म्हणून तो नाहीच असे धरले जाते.

मोठ्या कार्यालयात प्रशिक्षण असते, मदतीला माणूस असतो, अडचण कळवायला जागा असते. अकोल्याच्या दुकानदाराला यातले काही नसते. त्याचे प्रशिक्षण म्हणजे शेजारचा ऑपरेटर आणि त्याची मुदत म्हणजे उद्या सकाळचे प्रकाशन.

दार उघडे ठेवून बदल

बदल करूनही जुन्या हाताचा मान राखता येतो, याची उदाहरणे आहेत. इनडिझाइनमध्येच पेजमेकरच्या जुन्या शॉर्टकट कळांचा संच निवडण्याची सोय दिलेली होती. पडदा नवा, पण बोटांना जुनी वाट. टंकलेखन यंत्राच्या मांडणीवर बोटे चालवायची आणि फाइलीत युनिकोड उतरवायचे, अशी साधनेही मिळतात. बोटांनी इनस्क्रिप्टच शिकले पाहिजे, हा आग्रह धरण्याचे कारण नाही. फाइल युनिकोडमध्ये असणे महत्त्वाचे. हात कुठल्या वाटेने तिथे पोचतो, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

काम देणाऱ्या संस्थांनीही काही गोष्टी कराव्यात. जुन्या पुस्तिकेचे रूपांतर करून घेताना शब्दांच्या मुद्रितांसोबत आकड्यांचे मुद्रित वेगळे तपासावे आणि तेही ज्याने मजकूर लिहिला त्याने. शेतकऱ्यांना, पऱ्हाटी, वऱ्हाड, दऱ्या अशा दहा-वीस शब्दांची यादी करून नव्या फाइलीत ते शोधून पाहावेत. जो सापडला नाही तिथे रूपांतर बिघडले असे समजावे. ‘ऱ’ लिहिण्याची एकच रीत ठरवून ती पाळावी. आणि रूपांतराच्या श्रमाचे पैसे द्यावेत, कारण ते कॉपी-पेस्ट नसून संपादन आहे.

अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर हे महानुभावांचे स्थान. लीळाचरित्राची परंपरा तिथली. आता मराठी भाषा विद्यापीठही तिथेच आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले आणि विसाव्या शतकात किल्ली हाती येईपर्यंत ते बाहेरच्या अभ्यासकांना बंद राहिले. त्यांनी ते जाणूनबुजून, ग्रंथ जपण्यासाठी केले होते. आपण गेल्या तीस वर्षांतले कितीतरी मराठी ज्ञान नकळत तशाच कुलपात घातले आहे. त्या कुलपाच्या किल्ल्या आज अमरावती-अकोल्याच्या डीटीपी ऑपरेटरांच्या बोटांत आहेत. कोणत्या फॉन्टात कोणती कळ काय देते, कोणत्या तक्त्यातले टिंब खरे आणि कोणते रेघेचे, हे त्यांना पाठ आहे. ती माणसे कामावर आहेत तोवरच त्यांना सोबत बसवून हे दप्तर उघडून घेतले पाहिजे.