आठ हजार हर्ट्झचा माऊस घ्यावा का? धाकट्याची खरेदी आणि आपली संशोधन पद्धती



पेट पास झाल्यावर, कोर्सवर्क सुरू असताना अनेक जण विचारतात, "ताई, उपकरण कोणतं निवडू? आमच्या डिपार्टमेंटला ते मोठं मशीन नाही, मग माझं काम होईल का?" आज याचं उत्तर जरा आडवाटेने देते. ही आडवाट आमच्या घरातून जाते, म्हणजे तळेगाव ढमढेरेतून. (दाभाडे नव्हे! पुण्याहून नगर रस्त्याने शिक्रापूरला यायचं आणि तिथून आत वळायचं.)

आमच्या धाकट्याने सुट्टीत सणसवाडीच्या एका कंपनीत पॅकिंगचं काम केलं. हातात सात हजार रुपये आले, आयुष्यातली पहिली कमाई. मी शनिवारी घरी पोचले तर हा मोबाईलवर एक माऊस उघडून बसलेला. पोलिंग रेट ८००० हर्ट्झ, डीपीआय २६ हजार. सगळे सात हजार त्यातच जाणार होते आणि कीबोर्ड नंतर कधीतरी.

"ताई, तू फिजिक्सवाली. सांग, घेऊ ना?"

मी लगेच "नको" म्हणणार होते, पण थांबले. कारण "नको" म्हणायला माझ्याकडेही काही पुरावा नव्हता. मग रविवारचा अख्खा दिवस आम्ही त्यावर घालवला. आईच्या मते दोघांनाही काही कामं नव्हती.

पायरी १ : आधी साखळी मांडा

धाकट्याचा प्रश्न होता, "कोणता माऊस सगळ्यात फास्ट?" हा संशोधनाचा प्रश्न नाही. संशोधनाचा प्रश्न असा होईल: "शत्रू दिसल्यापासून गोळी लागेपर्यंत जो वेळ जातो, त्यात माऊसचा वाटा किती?"

साखळी अशी दिसते.

माणूस : डोळ्याला दिसून बोट हलेपर्यंत साधारण २०० ते २५० मिलिसेकंद.

माऊस : पोलिंग रेट म्हणजे माऊस कॉम्प्युटरला सेकंदाला किती वेळा खबर देतो. १२५ हर्ट्झ म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी, १००० हर्ट्झ म्हणजे दर १ मिलिसेकंदाने, ८००० हर्ट्झ म्हणजे दर ०.१२५ मिलिसेकंदाने. क्लिक दोन खबरींच्या मध्ये कुठेही पडू शकतो, म्हणून सरासरी थांबणं याच्या निम्मं: ४, ०.५ आणि ०.०६ मिलिसेकंद.

स्क्रीन : आमच्या घरचा लॅपटॉप ६० हर्ट्झचा. नवं चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी येतं. १४४ हर्ट्झच्या स्क्रीनवर दर ६.९ मिलिसेकंदांनी.

नेट : फायबरमध्ये प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे, म्हणजे आमच्यापासून दोनशे किलोमीटरच्या आत. नुसतं अंतर धरलं तर जाऊन-येऊन दोन मिलिसेकंदही लागू नयेत. सिंगापूर मुंबईपासून सुमारे ३,९०० किलोमीटर, म्हणून तिथल्या सर्व्हरला मात्र चाळीसेक मिलिसेकंद अंतरातच जातात. पण आमच्या धाकट्याच्या स्क्रीनवर मुंबईचा पिंग कधी ३०, कधी ९०!

आता ही यादी पुन्हा एकदा वाचा. १२५ वरून १००० हर्ट्झला गेलं तर साडेतीन मिलिसेकंद वाचतात. हे थोडे असले तरी खरे आहेत. १००० वरून ८००० ला गेलं तर अर्धाही वाचत नाही. आणि नेट एकाच संध्याकाळी साठ मिलिसेकंद हेलकावे खातंय.

आमच्याकडे गल्लीतल्या केबलवाल्याचं फायबर आहे. पण राऊटर पुढच्या खोलीत आणि हा माडीवर. मध्ये दोन भिंती, एक स्लॅब, आणि घरातल्या सगळ्यांचे मोबाईल त्याच वायफायवर. दोष माऊसच्या जागी नव्हताच.

पायरी २ : लघुत्तम माप आणि चढउतार

डीपीआयचं आकर्षण समजून घ्यायला अकरावीचं प्रॅक्टिकल आठवा. व्हर्नियरचं लघुत्तम माप ०.१ मिमी, स्क्रू गेजचं ०.०१ मिमी. डीपीआय हे माऊसचं लघुत्तम मापच आहे: एक इंच सरकवल्यावर तो किती ठोके मोजतो. ८०० डीपीआय म्हणजे २५.४ भागिले ८००, साधारण ०.०३ मिमी. म्हणजे साधा ८०० डीपीआयचा माऊसही व्हर्नियरपेक्षा तिप्पट बारीक मोजतो. २५४० डीपीआय म्हणजे बरोबर स्क्रू गेज. आणि २६ हजार म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तुमचा हात टेबलावर तेवढा स्थिर राहतो का? नाही राहत. मग तो माऊस जे मोजतो ती तुमच्या हाताची थरथर.

सेन्सरमध्ये पाहायचं ते वेगळंच. हात झटकन फिरवला तरी तो ठोके चुकवतो का? उचलून परत ठेवल्यावर कर्सर उडी मारतो का? हे खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं नसतं.

चढउतारांचंही तसंच. समजा तुमच्या प्रतिसादाच्या वेळेचा प्रमाण विचलन ३० मिलिसेकंद आहे (उदाहरणासाठी धरू). १२५ हर्ट्झच्या माऊसमुळे येणारा चढउतार ८ भागिले √१२, म्हणजे २.३ मिलिसेकंद. स्वतंत्र चढउतार सरळ बेरजेने वाढत नाहीत, त्यांच्या वर्गांची बेरीज होते. ३० चा वर्ग ९००, २.३ चा वर्ग ५.३, बेरजेचं वर्गमूळ ३०.०९. माऊस कितीही भारी आणा, तुम्ही ३०.०९ वरून फार तर ३० वर याल. सरासरी उशीर तेवढा कमी होतो, पण नेमात जी अनिश्चितता आहे ती तुमचीच राहते.

ही ओळ वहीत लिहून ठेवा: सगळ्यात मोठा चढउतार जिथे आहे तिथे आधी हात घाला.

पायरी ३ : आंधळी चाचणी

धाकट्याला गणित पटलं नाही. म्हणाला, "ताई, प्रो प्लेयरला फरक जाणवतो." ठीक आहे, मग मोजू.

आमच्याकडे ८००० चा माऊस नव्हता. माझ्या लॅबमधल्या मैत्रिणीचा १००० हर्ट्झचा गेमिंग माऊस होता, त्यात ५०० चीही सोय होती. सरासरी थांबण्यातला फरक बघा: ५०० ला १ मिलिसेकंद, १००० ला ०.५. फरक ०.५. आणि १००० ते ८००० मधला फरक ०.४४. जवळपास तेवढाच! म्हणजे जे उपकरण नाही, त्याच्या प्रश्नाचं उत्तर हाताशी असलेल्या उपकरणावरही शोधता येतं. संशोधनात ही युक्ती तुम्हाला वारंवार लागेल.

पद्धत अशी. वीस फेऱ्या. प्रत्येक वेळी मी नाणं उडवायचं, छापा आला तर ५००, काटा आला तर १०००. सेटिंग करून कागदावर लिहायचं आणि खोलीबाहेर जायचं, म्हणजे माझ्या चेहऱ्यावरून त्याला कळणार नाही. त्याने सराव मैदानात खेळून सांगायचं, ५०० की १०००. निकष आधीच ठरवला: २० पैकी १५ किंवा जास्त बरोबर आले तर मी हरले. कारण नुसत्या अंदाजाने १५ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता साधारण २ टक्केच असते.

निकाल? धाकटा नाण्याच्या आसपासच राहिला.

आणि मग त्याने काय म्हणावं? "अजून दहा फेऱ्या करू." इथे नीट लक्ष द्या, कारण हे आपण सगळेच करतो. निकाल मनासारखा आला नाही की नमुने वाढवायचे आणि मनासारखा आला की थांबायचं. असं केलं तर आपली २ टक्के शक्यता २ टक्के राहत नाही, ती वाढत जाते. किती फेऱ्या हे आधी ठरवायचं आणि ते पाळायचं.

या निकालाची मर्यादाही सांगते. एक खेळाडू, एक लॅपटॉप, ६० हर्ट्झची स्क्रीन. "८००० चा माऊस निरुपयोगी आहे" असं यातून म्हणता येत नाही. "या मुलाला, या लॅपटॉपवर, तेवढा फरक ओळखता आला नाही" एवढंच म्हणता येतं. खरेदीला तेवढं पुरतं. तुमच्या प्रबंधातही निष्कर्ष एवढाच लांब ओढा.

मग माऊस कशावरून निवडायचा?

पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये एक नियम मांडला. लक्ष्यापर्यंत हात न्यायला लागणारा वेळ, अंतर आणि लक्ष्याची रुंदी यांच्या गुणोत्तराच्या लॉगरिदमप्रमाणे वाढतो. अंतर दुप्पट झालं किंवा लक्ष्य निम्मं झालं, तर वेळेत ठरावीक एकाच पायरीची वाढ होते. १९७८ मध्ये कार्ड, इंग्लिश आणि बर यांनी स्क्रीनवरचा मजकूर निवडायला माऊस, जॉयस्टिक आणि कळा यांची तुलना केली, त्यात माऊस सगळ्यात वेगवान ठरला, आणि त्याचा वेळ फिट्सच्या नियमाला धरून होता.

आपल्या कामाची गोष्ट ही, की त्या पायरीची उंची हात, पकड आणि सराव यांवर अवलंबून असते. म्हणून माऊस हातात धरून बघा. तळहात पूर्ण टेकवता, की बोटं वाकवून पंजासारखं धरता, की फक्त बोटांच्या टोकांनी? त्यानुसार आकार आणि वजन ठरतं. आम्ही यासाठी पुण्याला तपकीर गल्लीत गेलो. धाकट्याचा हात लहान निघाला. मोबाईलवर पाहिलेला तो माऊस त्याला मोठाच झाला असता.

आणि कीबोर्ड?

इथे धाकट्याचं लक्षच नव्हतं, आणि खरी अडचण इथेच होती. स्वस्त कीबोर्डमध्ये कळा आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर असतात. आयताच्या तीन कोपऱ्यांवरच्या कळा एकदम दाबल्या की चौथीही दाबल्यासारखी वाटते. त्या गोंधळातून वाचायला कीबोर्ड तिसरी कळ सरळ गाळतो. पळता पळता उडी मारायची आणि उडीच लागत नाही, ती यामुळे. चांगल्या कीबोर्डमध्ये प्रत्येक कळेला डायोड असतो. दुकानातच तपासा: नोटपॅड उघडा, दोन्ही शिफ्ट दाबून धरा आणि इंग्रजीतली सगळी अक्षरं टाइप करा. जी उमटली नाहीत, ती गळतात. मग गेममध्ये लागणाऱ्या जोड्याही दाबून बघा.

अजून एक. काही महाग कीबोर्ड दोन विरुद्ध दिशांच्या कळा आपोआप सांभाळतात. ऑगस्ट २०२४ पासून व्हॉल्व्हने काउंटर-स्ट्राइक २ च्या अधिकृत सर्व्हरवर अशा स्वयंचलित सोयींना मनाई केली आहे. पैसे देऊन सामन्याबाहेर जायची वेळ नको.

त्याच कीबोर्डवर प्रबंधही लिहायचा असेल तर नंबर पॅड कापलेला छोटा कीबोर्ड घेऊ नका, आकडे भरताना रडाल. इन्स्क्रिप्टने मराठी लिहिणाऱ्यांसाठी गंमत: गेममध्ये उजवीकडे सरकायला डीची कळ, आणि इन्स्क्रिप्टमध्ये अक्षराचा पाय मोडायलाही डीचीच. सगळ्यात आधी झिजणार ती हीच, म्हणून स्विच काढून बदलता येणारा कीबोर्ड बघा. रात्री खेळणार असाल तर टकटक करणारे स्विच टाळा, घरात माणसं झोपलेली असतात.

शेवटी काय घेतलं?

वायरचा, हाताला बसणारा, १००० हर्ट्झचा साधा माऊस. कळा न गाळणारा कीबोर्ड. माडीपर्यंत पोचेल एवढी लॅन केबल. आणि लाईट गेली की राऊटर बंद पडतो म्हणून त्याला छोटा यूपीएस. सात हजारांतले थोडे उरले. केबल लावल्यावर पिंगचे हेलकावे बसले, आणि धाकटा पहिल्यांदा म्हणाला, "ताई, हे आधी का नाही केलं?"

हाच प्रश्न मी स्वतःला विचारते. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात जास्त रिझोल्यूशनच्या उपकरणावर वेळ मिळावा म्हणून मी सहा महिने रांगेत होते. माझी रीडिंग जुळत नव्हती आणि दोष मशीनचा आहे असं मी धरून चालले होते. शेवटी एकाच पद्धतीने बनवलेले पाच नमुने मी लॅबमधल्या जुन्याच उपकरणावर मोजले, तर नमुन्या-नमुन्यातला फरक उपकरणाच्या चुकीपेक्षा कितीतरी मोठा निघाला. गडबड माझ्या नमुने बनवण्यात होती. ती तपासायला एक दुपार लागली. सहा महिने मी माडीवर बसून ८००० हर्ट्झच्या माऊसची वाट बघत होते म्हणा ना.

म्हणून "आमच्याकडे ते मशीन नाही" म्हणण्याआधी एक दुपार काढा. साखळी कागदावर मांडा, प्रत्येक कडीपुढे तिचा चढउतार लिहा, आणि सगळ्यात मोठ्या आकड्याभोवती गोल करा. तो आकडा मशीनचाच निघाला तर बिनधास्त गाईडकडे जा आणि मागणी करा, तुमच्या हातात पुरावा असेल. नाही निघाला, तर आधी केबल ओढा.