विश्लेषण : पहिला नारळ कोणाचा? मालवणी गावरहाटीतील मानाची उतरंड
मालवण तालुक्यातील मसुरे गावच्या आंगणेवाडीत भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगात सापडत नाही. ती देवीच्या कौलाने ठरते आणि कौल घेण्याचा अधिकार आंगणे मंडळींचा. एसटीच्या जादा गाड्या, मुंबईकर चाकरमान्यांच्या रजा, सारे त्या घोषणेवर अडलेले असते. जत्रेच्या रात्री आंगणे कुटुंबांतील महिला मौन पाळून प्रसाद रांधतात. ताटे लावण्याचा विधी उरकेपर्यंत लाखोंच्या गर्दीचे दर्शन थांबते. शेजारच्या आचऱ्यात तर रामेश्वराच्या कौलावर सारा गाव तीन दिवस, तीन रात्री घरेदारे सोडून वेशीबाहेर राहतो. हीच गावपळण.

ही ताकद कोणाच्या हाती?

सिंधुदुर्गातील जुन्या गावांत ग्रामदेवतेचा कारभार 'बारा-पाच' मानकऱ्यांकडे असतो. गावकर, परब, राऊळ, घाडी, गुरव, जोशी... नावे गावागणिक बदलतात. क्रम मात्र ठरलेला. एकाने गाऱ्हाणे घालायचे, दुसऱ्याने तरंग धरायचे, तिसऱ्याने वेशीवर राखण द्यायची. 'होय महाराजा' सारा गाव म्हणतो; पण गाऱ्हाणे कोणी घालायचे, हे जन्माने ठरते.

गुप्त विधी आणि पायऱ्यांसाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या फ्रीमेसनांत तसे नाही. शिकाऊ, कसबी, उस्ताद अशा तीन पायऱ्या शपथ घेऊन चढता येतात. मुंबईत १८४३ मध्ये 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज निघाले ते भारतीयांना आत घेण्यासाठीच. भावकीला असे दार नाही.

मग गुपित कशाचे?

फ्रीमेसनांचे विधी लंडनमध्ये १७३० सालीच छापून बाहेर आले होते. तरी मंडळे टिकली, कारण खरी किंमत विधीला नसून तो करण्याच्या अधिकाराला असते. गावरहाटीतही बरेचसे सर्वांदेखत घडते. अंधारात राहते ते हक्काचे मूळ. कागद क्वचितच असतो. 'आजोबांपासून आम्हीच करतो' हाच बहुधा पुरावा. भावकीच्या दोन शाखांनी तोच दावा केला की पालखी जागीच अडते आणि देवळाच्या आवारात तहसीलदार नि पोलीस दिसू लागतात. जमिनीच्या गुंठ्यापेक्षा नारळ महाग पडतो तो इथे.

न्यायालय काय करू शकते?

वाटते त्यापेक्षा कमी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९ नुसार धार्मिक 'पदा'च्या हक्कासाठी दावा लावता येतो. निव्वळ मानासाठी नाही. तो मान एखाद्या पदाला जोडलेला आहे, हे दाखवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये हे स्पष्ट केले. त्यामुळे पहिला नारळ मागणाऱ्याला आधी सिद्ध करावे लागते की, त्या नारळामागे देवळातले नेमून दिलेले काम आहे. अशा दाव्याचा निकाल लागेपर्यंत कित्येक जत्रा होऊन जातात, आणि दरवर्षी नारळ कोणीतरी फोडतच असतो. पुढच्या तारखेला तीच वहिवाट म्हणून सांगितली जाते.