चारही बाजूंनी ऐकणारा माइक

रेडिओवर आपण गाणाऱ्या बाईचं नाव ऐकतो. पण तिचा आवाज सगळ्यांत आधी ऐकणारा माइक कसा असतो, हे आपल्याला कोणी सांगत नाही. आज स्टुडिओतल्या एका जुन्या माइकची गोष्ट सांगते, कारण ती आपल्या बचत गटाच्या कामाची आहे.

माइक नव्हता तेव्हा कर्ण्यात गावं लागे. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांची गाणी तबकडीवर उतरवली, ती अशीच. कर्ण्याच्या अगदी जवळ जाऊन मोठ्यानं गायचं. हळू आवाज तबकडीवर नीट उमटतच नसे. १९१६ मध्ये अमेरिकेत ई. सी. वेंट यांनी कंडेन्सर माइक तयार केला. १९२५ पासून विजेच्या माइकनं रेकॉर्डिंग होऊ लागलं आणि हळू आवाजालाही जागा मिळाली. १९२७ मध्ये मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं, १९४८ मध्ये आपल्या विदर्भात नागपूरचं.

कंडेन्सर माइकच्या आत दोन चकत्या असतात. पुढची भाकरीच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ. दोघींमध्ये केसाएवढी फट आणि थोडी वीज. आपण बोललो की हवा हलते, पापुद्रा थरथरतो, फट कमी-जास्त होते आणि तशीच वीजही कमी-जास्त होते. तीच वीज पुढे आवाज बनून निघते.

काही माइकना मागूनही भोकं असतात, ते मुख्यतः समोरचं ऐकतात. पण मागची बाजू बंद असली, की पापुद्र्याला फक्त हवेचा दाब कळतो. तो कुठून आला ते कळत नाही. म्हणून हा माइक चारही बाजूंचं जवळपास सारखंच ऐकतो. जर्मनीच्या नॉयमन कंपनीनं १९५१ मध्ये काढलेला एम ५० हा असाच माइक. इंग्लंडच्या डेक्का कंपनीचे लोक असे तीन माइक उंचावर टांगून अख्ख्या वाद्यवृंदाचं रेकॉर्डिंग करत. आज हे जुने माइक फार महाग आहेत.

पण त्यांची नात आपल्या कमरेला खोचलेली आहे! १९६२ मध्ये गेऱ्हार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी याच तत्त्वावर छोटा, स्वस्त इलेक्ट्रेट माइक शोधला. पुढे तोच फोनमध्ये आला. आजच्या मोबाइलचा माइक त्याहून बारीक आहे, पण तोही पापुद्रा आणि फटीवरच चालतो.

हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या गाणाऱ्या तुमच्या-माझ्या आजीसारख्याच बाया. आपल्या गावातल्या ओव्या मात्र अजून म्हाताऱ्यांच्या तोंडीच आहेत. जाती बंद पडली, गाणाऱ्या एकेक करून कमी होताहेत.

तेव्हा पुढच्या बैठकीत एवढं करा. गोल बसा आणि मधे घडी केलेल्या लुगड्यावर फोन ठेवा. पंखा, टीव्ही बंद. माइकच्या बारीक भोकावर बोट नको, फुंकर तर मुळीच नको. एक लक्षात ठेवा : माइकला दिशा कळत नसली तरी अंतर कळतं. अंतर दुप्पट झालं की आवाजाचा दाब जवळपास निम्मा होतो. म्हणून बारीक आवाजाच्या आजीला फोनजवळ बसवा आणि खणखणीत आवाजाच्या सचिवताईंना जरा मागे! आधी आजीला विचारा, ती हो म्हणाली तरच रेकॉर्ड करा. सुरुवातीला तिचं नाव, गाव आणि तारीख बोलून घ्या.

हिशोबाच्या वहीत गटाचा पैसा जपतो, तसा गटाचा आवाजही जपू या.