मोगऱ्याची हौस आणि डासांचा जाच

वसईतली होळी म्हटलं की पाहुण्यांना सणच आठवतो. आमची होळी म्हणजे बाजार आणि त्याच्या आजूबाजूच्या वाड्या. माझी धाकटी जाऊ दादरच्या दोन खोल्यांतून इथं आली ती बागेच्या ओढीनं. पण पहिल्याच पावसाळ्यात तिनं मागच्या दाराला कडी घातली! मोगऱ्याच्या चार कळ्या खुडायला गेली की हातावर रुपयाएवढ्या गांधी उठायच्या. एकदा तर मनगट इतकं सुजलं की बांगड्या साबण लावून काढाव्या लागल्या. "रक्त गोड आहे हो हिचं," सासूबाई म्हणायच्या.

रक्ताच्या गोडीचा इथं काही संबंध नाही. चावते ती डासाची मादी. चावताना ती आपली लाळ कातडीत सोडते आणि काही जणींच्या अंगाला ती लाळ मुळीच सोसत नाही. आपला श्वास, घाम आणि अंगाची ऊब यांचा माग काढत ती येते, म्हणून काम करून घामाघूम झालेली बाई तिला आधी सापडते.

घरात सगळ्यांनी बोट दाखवलं ते वाडीतल्या बावखलाकडे. "बुजवून टाका एकदाचं!" इथवर गोष्ट गेली. पण आमच्या बावखलात गप्पी मासे आहेत आणि ते डासांच्या अळ्या मटकावतात. मग भर दिवसा चावणारे, पायांवर पांढरे पट्टे असलेले हे डास येत होते कुठून? एका रविवारी आम्ही दोघी जावा पदर खोचून शोधायला निघालो. कुंड्यांखालच्या बशा, नारळाच्या करवंट्या, फुटकी बादली, छपराची तुंबलेली पन्हळ, सगळीकडे अळ्या वळवळत होत्या. डेंग्यू पसरवणारे डास ते हेच. त्यांना असलं थोडंसं, साचलेलं पाणीच लागतं आणि ते शे-दोनशे मीटरपलीकडे सहसा जात नाहीत. म्हणजे आपल्याला चावणारा डास बहुधा आपल्या नाहीतर शेजारच्या अंगणातलाच!

अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक वार ठरवून सगळं पाणी ओतून द्यावं. नुसतं ओतून मात्र भागत नाही हं. या डासाची अंडी पाण्याच्या रेघेच्या वर, भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. तेव्हा बशा काथ्यानं खसखसून घासाव्यात. पाण्याच्या पिंपावर कापड घट्ट बांधावं.

सूर्य उगवल्यावरचे दोन तास आणि मावळण्याआधीचे दोन तास हे डास फार चावतात. ज्यांना बाधतं त्यांनी बागकाम ऊन चढल्यावर करावं. यजमानांचा जुना, फिक्या रंगाचा, लांब बाह्यांचा शर्ट आणि पायांत मोजे असावेत. (कोण बघतंय आपल्याला वाडीत!) उघड्या कातडीवर डास पळवणारं मलम लावावं. सिट्रोनेलाचं तेल लवकर उडून जातं, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नये. पडवीत भाजी निवडत बसलात तर टेबलफॅन लावा. वाऱ्यात डासाला धड उडता येत नाही.

आंब्याची पानं शिवून घरटं करणाऱ्या तांबड्या मुंग्यांना डिवचू नये. त्या चावतात आणि वर जखमेत आम्ल सोडतात.

चावलंच तर जागा साबणानं धुऊन दहा मिनिटं थंड पाण्याची घडी ठेवावी, मग कॅलामाइन लावावं. चुना नको, टूथपेस्ट नको आणि नखं तर नकोतच. आमच्या जाऊबाईंचं मनगट चिघळलं ते खाजवून खाजवून. ॲलर्जीची गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी, काहींनी झोप येते. दोन-तीन दिवसांनी लाली पसरू लागली, पू झाला किंवा ताप आला तर अंगावर काढू नये.

आणि गांधीलमाशी किंवा मधमाशी चावल्यावर ओठ-जीभ सुजली, अंगभर गांधी उठल्या, धाप लागली किंवा घेरी आली, तर घरगुती उपायांत एक मिनिटही घालवू नका. तडक हॉस्पिटल गाठा. तिथं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन वेळेवर मिळालं तर जीव वाचतो.

मागच्या दाराची कडी निघाली आहे. बावखल आहे तिथंच आहे. जाऊबाई दर रविवारी बशा घासतात, आणि सासूबाई अजून चुन्याची डबी घेऊन मागं उभ्या असतात.